एका परातीतले रविवार

यातलं मला खरंच किती आठवतं आणि किती मी वर्षानुवर्षं सांगून सांगून आठवायला शिकलो, याची मला खात्री नाही. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद, खाली सही, शेजारी साक्षीदाराची सही. आमच्या रविवारच्या ग्रुपचा नियम नेमका उलटा होता. काहीही लिहून ठेवायचं नाही. त्यामुळे माझ्याकडे पुरावा शून्य, आणि किस्से मात्र दरवर्षी वाढतायत. कुणाचा तरी फोन येतो, "सर, ते वरणाचं आठवतं का?" मी सांगायला लागतो, तो मला दुरुस्त करतो, आणि फोन ठेवेपर्यंत एका किश्श्याचे दोन झालेले असतात.

ग्रुप म्हणजे काय ते आधी सांगतो. नव्वदच्या दशकाचा मध्य. एचआयव्ही म्हणताना माणसं आवाज खाली आणायची. एका स्वयंसेवी संस्थेने ठरवलं की सोळा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना नीट माहिती द्यायची आणि पुढे त्यांनीच आपल्या वयाच्या मुलांना सांगायची. मोठ्यांनी सांगितलं की मुलं खाली बघतात, मित्राने सांगितलं की ऐकतात, असा विचार. त्यांना एक शिकलेला माणूस हवा होता. माझं नाव कुणी सुचवलं ते आजवर कळलेलं नाही. बहुधा त्याने मला बोलताना ऐकलं नसावं.

नऊ मुलं होती. अंबरनाथला एका बालवाडीची खोली रविवारी सकाळी मिळायची, आणि आम्ही सगळे तिथल्या गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर बसायचो. नवांपैकी तिघांची नावं इथे येतील. अंबरनाथची वैशाली, एका कारखान्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी. बदलापूरजवळच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा मंगेश. आणि उल्हासनगर कॅम्प पाचचा हरेश, सिंधी, बापाचं कपड्याचं छोटं दुकान. नावं बदलली आहेत. एकाने "माझं बदलू नका" असं सांगितलं होतं, पण मी घाबरून त्याचंही बदललं.

* * *

पहिल्या रविवारी मी तेवीस ट्रान्सपरन्सी घेऊन गेलो. कारखान्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टर मागून आणला होता. विषाणूचं आवरण, आतलं आरएनए, तो पेशीला कसा चिकटतो, आत शिरून काय करतो. दीड तास बोललो. मला वाटलं, बरं झालं.

शेवटी विचारलं, "काही शंका?"

वैशाली उठली. "सर, हे विषाणूने ऐकलं असतं तर त्याला फार उपयोग झाला असता. आता आम्ही काय करायचं ते सांगा."

हरेशने जाऊन प्रोजेक्टरची वायर काढली आणि नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

पुढच्या रविवारपासून मुलं बोलायला लागली. मला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली आणि बोलायचं असेल तर हात वर करण्याची परवानगी. माझ्या गाईडने पीएचडीच्या पाच वर्षांत जे सांगायचं टाळलं, ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितलं. मी तिचा आजही ऋणी आहे.

* * *

मंगेशच्या गावात देवळापुढच्या मंडपात कार्यक्रम होता. तरुण पोरांसाठी होता, पण पुढच्या रांगेत म्हातारेच येऊन बसले. डास चावल्याने हा आजार होत नाही, असं मंगेशने सांगितलं. एक म्हातारे तात्या उठले.

"डास मला चावला. मंग पोराला चावला. मंग पोराला कसा नाय व्हायचा?"

मी हात वर केला. मंगेश माझा मान ठेवून बाजूला झाला. मी डासाच्या सोंडेतल्या दोन वेगळ्या नळ्या, लाळ, पचन, विषाणूचं आयुष्य असं सगळं सांगितलं. दहा मिनिटं तरी गेली असतील. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते झाला. पन डास मला चावला, मंग पोराला चावला..."

मंगेश म्हणाला, "तात्या, डास रगत पितो, ओकत नाय. तुमी दुपारी वरान पिलं, ते रातच्याला शेजाऱ्याच्या वाटीत वतता का?"

तात्यांनी विचार केला. "माझा वरान घेल कोन?"

मंडप हसला. त्यानंतर त्या गावात डासाचा प्रश्न पुन्हा आला नाही, असं मंगेश सांगतो.

* * *

एका शाळेचे मुख्याध्यापक फार सज्जन होते. त्यांना कार्यक्रम हवा होता, पण पालकांची धास्ती होती. म्हणाले, "विषय जरूर मांडा. फक्त विषयाचं नाव घेऊ नका."

मी म्हटलं, जमेल. मला स्वतःलाच ते नाव चारचौघात घेताना घशात अडकायचं, त्यामुळे मला सोयीचंच होतं.

मुलांनी पाऊण तास कार्यक्रम केला. "तो आजार", "ती चाचणी", "ती काळजी". सुई एकदाच वापरलेली हवी, रक्त तपासलेलं हवं, सगळं सांगितलं. दहावीचा वर्ग टक लावून ऐकत होता. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलाने मन लावून विचारलं, "म्हणजे उसाचा रस प्यायचा, तेलकट खायचं नाही, बरोबर ना?"

पाऊण तास सगळा वर्ग कावीळ समजून ऐकत होता.

मुख्याध्यापक मागे उभे होते. ते पुढे आले, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात त्या विषयाचं नाव लिहिलं. मग हात झटकत मुलांना म्हणाले, "आता पुन्हा सांगा. मीही बसतो."

* * *

आमच्याकडे प्रश्नांचा डबा होता. बिस्किटांचा पत्र्याचा. दर रविवारी प्रत्येकाने त्यात चिठ्ठी टाकायची. प्रश्न नसेल तर कोरी टाकायची, पण टाकायचीच, म्हणजे कुणी विचारलं ते कळत नाही. कागद एकसारखे, पेन्सिल एकच. पाळीपाळीने एकाने वाचायचं, सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं, चिठ्ठी फाडायची. अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. मीसुद्धा चिठ्ठी टाकायची, हा नियम हरेशचा. "सर क्या आसमान से आये हैं?"

सुरुवातीला निम्मे प्रश्न भलतेच असायचे. एकदा निघालं, "सरांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मी खरं उत्तर दिलं: "या डब्याची."

एका रविवारी मी फार खचलो होतो. आदल्या आठवड्यात एका कॉलेजात मी मध्येच बोलून मुलांचा कार्यक्रम बिघडवला होता. मी चिठ्ठीत लिहिलं, "आपल्याकडून उपयोग होण्यापेक्षा अडथळाच होत असेल, तर माणसाने सोडून द्यावं का?" अक्षर बदलायचा प्रयत्न केला, पण "अडथळा" असा शब्द त्या खोलीत दुसरं कोण लिहिणार होतं?

वैशालीने वाचलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. नऊच्या नऊ मुलं डब्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "ज्याने कुणी विचारलंय, त्याने पुढच्या वेळी पाच मिनिटं कमी बोलावं. सोडू नये."

"दस मिनट," हरेश म्हणाला.

चिठ्ठी फाडली. मी सोडलं नाही.

* * *

मग ती चिठ्ठी आली. वाचायची पाळी कुणाची होती ते मला आठवत नाही, पण मजकूर पाठ आहे.

"मोठ्या भावाला तो आजार आहे. त्याला वेगळं ठेवलंय. घरात आणला तर सगळ्यांना होईल का? आई विचारते."

तोवर हा आजार आमच्यासाठी तक्त्यावर होता. आता तो या दहा खुर्च्यांपैकी एका खुर्चीच्या घरी होता.

मी हात वर केला आणि सांगितलं की जेवणाने, भांड्यांनी, एका घरात राहिल्याने होत नाही. रक्त, सुई, शरीरसंबंध आणि आईकडून बाळाला, एवढेच मार्ग.

वैशाली म्हणाली, "हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्याने लिहिलंय त्यालाही माहीत आहे. आई विचारते आहे. आईला कोण सांगणार?"

"कुनाची आई?" मंगेश म्हणाला.

"ते विचारायचं नाही."

मंगेशने बोटांवर घरं मोजली. मग म्हणाला, "मग सगळ्याच आयांना सांगू. दर रविवारी एकाच्या घरी जायचं. नऊ घरं. त्यातल्या एका घरी ती आई भेटेलच ना."

"दहा," वैशाली म्हणाली. "सरही चिठ्ठी टाकतात."

असं ठरलं. प्रत्येक घरी जाऊन त्या आईला सगळं समजावायचं आणि मग तिच्यासमोर सगळ्यांनी एका परातीत जेवायचं. जेवायच्या आधी एकाने एक वाक्य म्हणायचं: "आमच्यातल्या एकाच्या घरी हा आजार आहे. कोण ते आम्हाला माहीत नाही. तो आत्ता याच परातीत जेवतोय."

मी म्हटलं, हे वाक्य ऐकून निम्म्या आया मुलांना घरी बसवतील. ग्रुप मोडेल.

हरेश म्हणाला, "सर, नहीं बोला तो क्या फायदा? फिर तो खाली पार्टी है."

* * *

आता माझी लाज सांगतो. अक्षर ओळखायचं नाही हा नियम मी मोडला. माझ्या मनाने घेतलं की चिठ्ठी मंगेशची. तो पेन्सिल दाबून लिहायचा आणि ती चिठ्ठीही दाबून लिहिलेली होती. एवढाच पुरावा. प्रयोगशाळेत एवढ्यावर मी साध्या रिपोर्टवरही सही केली नसती.

कामावरून येताना मी वाट वाकडी करून त्याच्या गावी गेलो. वडील गोठ्यात होते. आजाराचं नाव काढायचं नाही एवढं भान होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "धीर सोडू नका. आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत."

त्यांनी वैरण खाली ठेवली. "काय झाला?"

"तसं काही नाही. पण काहीही झालं तरी तो तुमचाच मुलगा आहे. त्याला जवळ करा."

ते वळून ओरडले, "मंग्या! भायेर ये! नापास झालास ना?"

मंगेश बाहेर आला. त्याला मोठा भाऊच नव्हता. दोन बहिणी होत्या, दोघी सासरी. हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते कुठे गेलं होतं, कुणास ठाऊक. मंगेशने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो वडिलांना म्हणाला, "नाय ओ बाबा. सरांना आज जरा बरं नाय."

त्याने ही गोष्ट ग्रुपमध्ये कधीच सांगितली नाही. त्याचे वडील मात्र पुढे कितीतरी वर्षं मला बदलापूर स्टेशनवर दिसले की लांबूनच हात करायचे: "सर, धीर सोडू नका."

* * *

पहिलं घर मंगेशचंच झालं. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. अंगणात परात ठेवली आणि भोवती आम्ही दहा जण. मंगेशनेच ते वाक्य म्हटलं.

माझा हात परातीपर्यंत गेला आणि थांबला.

मला सगळं माहीत होतं. मी ते शेकडो मुलांना शिकवलं होतं. तरी हात थांबला. दोन सेकंद, तीन सेकंद, सांगता येणार नाही. मी वर पाहिलं तर समोर हरेश माझ्या हाताकडे बघत होता.

"सर, गरम है क्या?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तो पुढे वाकला, माझ्यासमोरच्या बिरड्यावर दोनदा फुंकर घातली आणि म्हणाला, "अब खाओ."

मी जेवलो. त्याचे आभार मानायला मला बरीच वर्षं लागली.

* * *

वैशालीच्या घरी डायनिंग टेबल होतं आणि आईने दहा वाट्या, दहा ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. मुलांनी सगळं एका परातीत ओतलं. वाक्य म्हटलं गेलं. आई एवढंच म्हणाल्या, "वैशाली, तू ताटलीत घे."

"आई, मग ज्याच्या घरी तो आहे, त्याने त्याच्या आईला जाऊन काय सांगायचं?"

वैशाली परातीतच जेवली. पण पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही नाही. मी घरी बायकोला म्हटलं, "सांगितलं होतं, ग्रुप मोडणार. आता एकेक जाणार." बायको म्हणाली, "दोन रविवारांवरून निकाल लावू नका. तुम्ही कारखान्यात तीनदा चाचणी घेता ना?"

तिसऱ्या रविवारी वैशाली दारात उभी होती आणि तिच्यामागे तिची आई. त्या म्हणाल्या, "मलाही नीट ऐकायचंय. ही घरी फार घाईघाईने सांगते." त्या पुढे दर रविवारी आल्या. वाढायला म्हणून यायच्या. सातव्या घरापासून परातीतच जेवू लागल्या.

* * *

एकेक घर झालं. प्रत्येक आईने काही ना काही विचारलं. टॉवेल, संडास, खोकला, पापा घेतला तर. विचारणाऱ्या प्रत्येक आईकडे बघून मला वाटायचं, हीच ती. माझ्या घरी तर माझ्या बायकोनेच इतके प्रश्न विचारले की मुलं माझ्याकडे संशयाने बघायला लागली.

फक्त हरेशच्या घरी काहीच घडलं नाही. कॅम्प पाचला दुकानामागे दोन खोल्या. गेल्या गेल्या पापड आणि पाणी हातात आलं, सिंध्यांकडे ते आधी. हरेशची आई शेगडीजवळ बसून पापड भाजत राहिली. वैशालीने हिंदीत सगळं समजावलं. आम्ही परातीत भात आणि सिंधी कढी जेवलो. तिने वर पाहिलं नाही, एक प्रश्न विचारला नाही. निघताना मी म्हटलं, "बहनजी, कुछ पूछना है?" तिने मान हलवली आणि आणखी एक पापड माझ्या हातात दिला.

परत येताना मी वैशालीच्या आईला म्हणालो, "हे घर वाया गेलं. त्यांना काही पोचलेलं दिसत नाही."

* * *

दहा घरं संपली. ती आई कोणती ते कळलं नाही, आणि कळायचं नाही असंच ठरलेलं होतं. डब्यातही ती चिठ्ठी पुन्हा आली नाही. मला वाटलं, संपलं हे.

त्या रविवारी उठताना हरेश म्हणाला, "एक घर रह गया."

"कुणाचं?" मंगेशने विचारलं.

"वांगणी में. अगले संडे. तुम लोग आगे जाना, मैं मम्मी को लेके आता हूँ." त्याने फळ्यावर खडूने नकाशा काढला. स्टेशन, पूर्वेचा रस्ता, विहीर, निळं दार. मग स्वतःच पुसून टाकला.

पुढच्या रविवारी आम्ही दहा जण वांगणीला उतरलो. आठ मुलं, वैशालीची आई आणि मी. विहिरीच्या पुढे कुणा नातेवाइकाची शेतजमीन होती आणि बांधाला एक खोली. निळ्या दारात एक बारीक झालेला तरुण उभा होता. अठ्ठावीस-तीस वर्षांचा असेल. हरेशसारखेच कान. त्याने हात जोडले, पण दारातून मागे सरकला, आम्हाला आत जायला गरजेपेक्षा जास्त जागा दिली.

"हरेश?" त्याने विचारलं.

"मागून येतोय, आईंना घेऊन," मंगेश म्हणाला.

"मम्मी आ रही है?" त्याने पुन्हा विचारलं. मग पुन्हा एकदा.

खाली चटई घातली होती. दहा पत्रावळी मांडलेल्या, बाजूला कागदी ग्लास. भाकरी आणि वांग्याची भाजी झाकून ठेवलेली. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून म्हणाला, "खाना पड़ोस की बाई ने बनाया है. मैंने हाथ नहीं लगाया. पत्तल भी पैक थे." थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाला.

मंगेशने खोलीभर नजर फिरवली. "परात हाय का?"

"नहीं."

"तुमचं ताट कुठलं?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. कठड्यावर एक स्टीलचं ताट होतं, एक पेला, एक चमचा. मंगेशने ताट उचललं, चटईच्या मधोमध ठेवलं, त्यात भाजी ओतली, कडेने भाकऱ्या रचल्या. ताट लहान होतं. दहा जणांना दाटीने बसावं लागलं. कडेला एकाची जागा ठेवली.

तो उभाच होता.

वैशालीची आई म्हणाल्या, "बस रे बाळा. निवतंय."

तो बसला.

आता नियमाप्रमाणे ते वाक्य म्हणायचं होतं. पाळी वैशालीची होती. तिने तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या बाजूची भाजी घेतली. मग सगळ्यांनी घेतली. माझा हात थांबला की नाही ते मला आठवत नाही. त्या दिवशी मी हाताकडे बघत नव्हतो.

तो मात्र घास घेत नव्हता. मंगेश म्हणाला, "भाई, तुमी नाय खाल्लात तर आमाला लाज वाटते. आमी काय असेच आलोत." मग त्याने एक घास घेतला.

आम्ही जेवत असताना हरेश आणि त्याची आई आली. ती दारात थांबली. एका ताटाभोवती अकरा माणसं आणि त्यात तिचा मोठा मुलगा. तिने काय पाहिलं आणि काय नाही, मी सांगू शकणार नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, आत आली, त्याच्या मागे बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. सिंधीत काहीतरी म्हणाली. हरेशने ते आम्हाला हिंदीत सांगितलं नाही.

मग ती उठली. दोरीवरचे त्याचे दोन शर्ट आणि पँट काढली, घड्या घातल्या आणि हातातल्या कापडी पिशवीत ठेवल्या. पिशवी रिकामीच आणली होती.

स्टेशनवर आमच्या सगळ्यांकडे रिटर्न तिकिटं होती. भाईचं काढायला हवं म्हणून मी खिडकीकडे निघालो. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली ती तेव्हा: "मत जाओ. उसका टिकट है." हरेशने मघाशी उतरल्यावर काढलं असेल, असं मला वाटलं.

भाई त्यानंतर दीड वर्षं कॅम्प पाचच्या त्या दोन खोल्यांत राहिला. तेव्हा औषधं आपल्याकडे कुणाच्या आवाक्यात नव्हती. तो घरीच गेला, घरच्यांच्या पंक्तीत जेवून. त्या काळात त्या घरात दुसऱ्या कुणालाही काही झालं नाही.

ते तिकीट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, हरेशच्या दुकानात गेलो होतो. त्याची आई गल्ल्यामागे बसली होती. पापड-पाणी झालं. मी धीर करून विचारलं. माझी आठवण दगा देत असेल म्हणून हरेशलाही वेगळं विचारलं. दोघांनी एकच सांगितलं. तिकीट वांगणीला काढलेलं नव्हतं. त्या सकाळी घरून निघाली तेव्हा माणसं दोन होती, ती आणि हरेश. उल्हासनगरच्या खिडकीवर तिने तीन रिटर्न मागितली होती.